भोक बुजलं, पण कड दिसते: रंगाआधी भिंत कशी तयार करायची

दिवाळीच्या तोंडावर आम्ही पहिल्यांदा घरच्या घरी हॉल रंगवला, तेव्हा एका भिंतीवर मोजून अकरा भोकं होती. घड्याळाचं एक, कॅलेंडरचं एक, जुन्या टीव्हीच्या स्टँडची चार, काढून टाकलेल्या फळीची चार आणि पडद्याच्या दांड्याचं एक. एका दुपारी सगळी बुजवली, संध्याकाळी घासली, दुसऱ्या दिवशी रंग दिला. दिवसा भिंत सुरेख दिसली. रात्री कोपऱ्यातला दिवा लावला आणि अकराच्या अकरा जागी जुन्या रुपयाएवढी वर्तुळं उमटली. उघडं भोक एकही राहिलं नव्हतं. दिसत होती ती प्रत्येक भोकाभोवतीची कड.

आमच्या इमारतीत रंगाची कामं करणारे एक वयस्कर कारागीर होते. त्यांनी भिंतीवर तळहात फिरवला आणि सांगितलं की भरणं ठीक झालंय, पण पत्रा, म्हणजे भरणं सपाट करायची पातळ धातूची पट्टी, फार लवकर उचललाय. नंतर त्यांच्याबरोबर उभं राहून मी हे काम शिकलो. त्यातली मुख्य गोष्ट आधीच सांगतो: भोक भरायला पाच मिनिटं लागतात, खरी मेहनत भोकाच्या आजूबाजूच्या वीतभर भिंतीवर असते. ती भिंत आणि तुमची पुट्टी, म्हणजे भोकात भरायचा लगदा, एकमेकांत कुठे मिसळली हे हाताला कळता कामा नये.

आधी ओल, मग भोक

गणपती गेले की घराघरांत रंगाचं बोलणं सुरू होतं. पण मुंबई, ठाणे आणि कोकणात सप्टेंबरात पावसाच्या माऱ्याची भिंत, बहुतेक पश्चिमेची किंवा नैर्ऋत्येची, आतून ओलीच असते. वरून कोरडी दिसते, हात ठेवला तर गार लागते. अशा भिंतीत कितीही चांगली पुट्टी भरा, पुढच्या पावसाळ्यात ती फुगून पोपडा धरते. ऑक्टोबरचं ऊन भिंतीला पंधरा-वीस दिवस मिळालं तर कामाचं सोनं होतं.

शंका असेल तर दूध किंवा किराण्याची जाड प्लास्टिकची पिशवी कापून हातभर तुकडा घ्या आणि चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट बसवा. एक दिवस तसाच राहू द्या. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला दमटपणा असेल तर तो खोलीच्या हवेतला. खिडक्या उघड्या ठेवा, पंखा लावा, काम चालेल. भिंतीतून पाणी येत असेल तर ते कुठून येतं ते आधी शोधा: वरच्या मजल्याचं न्हाणीघर, बाहेरच्या भिंतीची चीर, गच्ची, भिंतीत पुरलेला नळ. जिथे पांढरे क्षार फुटून भुसभुशीत झालंय, ज्याला जुनी माणसं लोणा म्हणतात, तिथेही आधी ओलीचा बंदोबस्त. त्यावर पुट्टी लावणं म्हणजे पैसे पाण्यात.

आणखी एक तपासणी. बोटाच्या पेराने भोकाभोवती टकटक करा. घट्ट गिलावा कडक आणि बारीक वाजतो. सुटलेला गिलावा भद्द वाजतो, आत पोकळी असल्यासारखा. भद्द वाजणारा भाग पेन्सिलने आखून घ्या. तो छिन्नीने काढून नव्याने भरावा लागणार. पेन्सिलनेच आखा. बॉलपेन आणि मार्करची शाई पाण्यातल्या रंगातून वर झिरपते, दोन हात मारले तरी दिसत राहते.

भिंत कशाची आहे?

भोकाच्या आत खिळ्याने जरा खरवडून बघा. करडी, वाळूसारखी भुकटी पडली तर सिमेंटचा गिलावा. पांढरी, मऊ, पिठासारखी पडली तर जिप्सम. पुण्या-मुंबईच्या गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच इमारतींमध्ये आतून हाच असतो. पांढरट-पिवळसर, जाड आणि हाताने चुरगाळता येणारा थर असेल, तर जुन्या वाड्यांतला किंवा चाळींतला चुन्याचा गिलावा. त्याच्यावर सिमेंटचं कडक ठिगळ लावू नका. मऊ गिलाव्यात कडक ठिगळ कडेने सुटतं.

मग वरचा जुना रंग. ओलं फडकं जोरात घासा. फडक्याला रंग आला तर तो डिस्टेंपर किंवा चुन्याची सफेदी. त्यावर पुट्टी धरत नाही, कारण खालचा थरच भिंतीला सोडून यायला तयार असतो. भोकाभोवती वीतभर जागेतला तो थर पाणी मारून खरवडून काढा. रंग आला नाही आणि पृष्ठभाग चकचकीत असेल, तर तो ऑइल पेंट किंवा चमकदार इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळणारा रंग; १२० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक मोडा, नाहीतर पुट्टीला पकड मिळत नाही.

जुन्या ऑइल पेंटबद्दल एक गोष्ट मनावर घ्या. घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवण्याचा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं जास्त असू शकतं आणि ते धुळीतून पोटात आणि फुप्फुसांत जातं. असा रंग कोरडा घासू नका. पाणी शिंपडून ओलाच घासा, चांगला मास्क लावा, फरशी ओल्या फडक्याने पुसा, आणि लहान मुलांना व गरोदर बाईला त्या दिवशी त्या खोलीत येऊ देऊ नका.

सामान

हार्डवेअरच्या दुकानात गेलात की पांढऱ्या सिमेंटची वॉल पुट्टी मागा. रंगारी तिला सरसकट लांबी म्हणतात. एका खोलीतली डझनभर भोकं एक किलोच्या पुड्यात भरून उरते. चाळीस किलोची गोणी आणायचं कारण नाही. तयार भिजवलेली अॅक्रिलिक पुट्टी डब्यात मिळते, ती शेवटच्या बारीक हाताला उत्तम. तिला पाण्याची गरज नसते आणि ती घासायला मऊ, पण खोल भोकात ती आतून लवकर वाळत नाही. जिप्समच्या भिंतीला किंवा मोठ्या कोरड्या खड्ड्याला प्लास्टर ऑफ पॅरिस, म्हणजे पीओपी.

दोन पत्रे घ्या: एक दोन इंची, एक सहा इंची. भोक लहान पत्र्याने भरायचं, कड मोठ्याने मारायची. नवीन पत्र्याचे दोन्ही कोपरे धारदार असतात आणि ओल्या पुट्टीवर ते लांब ओरखडे ओढतात. पॉलिश पेपरवर तीन-चारदा घासून कोपरे किंचित गोल करा. जुना रंगारी नवा पत्रा हातात घेतला की पहिलं हेच करतो.

याशिवाय पॉलिश पेपर १२०, २२० आणि ३२० नंबरचे, पेपर गुंडाळायला मुठीत मावणारा लाकडी गुटका, दोन इंची ब्रश, पाण्याची फवारणीची बाटली, जुना दात घासायचा ब्रश, पक्कड, मास्क आणि एक टॉर्च. टॉर्च विसरू नका. मोबाइलचा चालतो.

दात घासायची पेस्ट, साबण, पीठ-फेविकॉल हे उपाय भाड्याचं घर सोडताना लोक करतात. पेस्ट आक्रसते आणि पिवळी पडते, साबणावर रंग टिकत नाही, पिठाला बुरशी आणि मुंग्या लागतात. नळाची गळती थांबवायला वापरतात ती इपॉक्सीची लांबीसुद्धा इथे नको; ती भिंतीपेक्षा इतकी कडक होते की घासताना आजूबाजूची भिंत खोल जाते आणि ठिगळ उंच राहतं.

भोकाचं तोंड

खिळा उपटला की भोकाच्या तोंडाशी गिलावा थोडा बाहेर उचलला जातो, फुटलेल्या फोडाच्या कडेसारखा. नवशिका माणूस त्यावरच पुट्टी लावतो आणि मग ती उंची झाकायला आणखी पुट्टी चढवत जातो. तसं करू नका. सुरीच्या टोकाने ती उचललेली कड कापा आणि तोंड आतल्या बाजूला किंचित तिरपं करा, वाटीच्या काठासारखं. आता पुट्टीला आत बसायला जागा मिळाली आणि भिंतीच्या वर काहीच उरलं नाही. माझ्या अकरा वर्तुळांतली निम्मी इथेच चुकली होती.

स्क्रूच्या भोकात प्लास्टिकची गिट्टी असते, कोणी तिला रावल प्लग म्हणतं. तिच्यात स्क्रू अर्धा पिळा, पक्कडीने स्क्रूचं डोकं धरा आणि सरळ ओढा. बहुतेक वेळा गिट्टी सोबत येते. हटून बसली तर ती ओढून गिलाव्याचा मोठा तुकडा पाडण्यापेक्षा तोंडाशी कापा आणि खिळ्याने पाव इंच आत ठोका. स्विचबोर्डच्या सरळ वर, सरळ खाली किंवा त्याच रेषेत आडवं काही ठोकायचं किंवा खोदायचं असेल तर आधी मेन स्विच बंद करा. वायरींचे पाइप साधारण त्याच रेषांतून जातात.

आतली धूळ काढा. जुन्या टूथब्रशने खरवडा, मग रिकामी प्लास्टिकची बाटली भोकापाशी धरून दाबा, हवेने उरलेली भुकटी बाहेर येते. तोंडाने फुंकू नका, सगळं डोळ्यांत जातं. धूळ राहिली तर पुट्टी भिंतीला चिकटण्याऐवजी धुळीला चिकटते, आणि वाळल्यावर बुचासारखी सुटून हातात येते.

मग पाणी. सिमेंटच्या गिलाव्यात पांढऱ्या सिमेंटची पुट्टी भरायची असेल तर भोक आणि आजूबाजूचा उघडा गिलावा ओला करायलाच हवा. जुना, सुका गिलावा पुट्टीतलं पाणी क्षणात शोषून घेतो, आणि सिमेंटला घट्ट व्हायला पाणी लागतं. पाणी गेलं की पुट्टी वाळते, पण जमत नाही. दुसऱ्या दिवशी बोट फिरवा. खडूसारखी भुकटी आली तर हेच झालंय, आणि ते सगळं खरवडून पुन्हा करावं लागतं. भिंत ओली हवी, पण पाण्याचे ओघळ नकोत. फवारा मारा, दोन मिनिटं थांबा, पाण्याची चमक गेली की भरा.

पुट्टी कालवणं

पाणी आधी घ्या, त्यात पुट्टी टाकत जा. उलट केलं तर तळाशी गाठी राहतात. साधारण एक किलो पुट्टीला ३५० ते ४०० मिली पाणी लागतं, तरी पुड्यावर लिहिलेलं प्रमाण पाहा. भोकांपुरती मूठ-दोन मुठीच कालवा, कारण भिजवलेली पुट्टी दोन-तीन तासांत घट्ट होऊ लागते. घट्ट झालेल्यात पुन्हा पाणी घालून सैल करण्याचा मोह होतो. त्यातलं सिमेंट तोवर जमायला लागलेलं असतं; पाणी घातलं की ताकद गेली. फेकून द्या.

गाठ राहू नये म्हणून दहा मिनिटं चांगली फेटा, दहा मिनिटं झाकून ठेवा, पुन्हा एकदा ढवळा. भोक भरायची पुट्टी टांगलेल्या चक्क्याएवढी घट्ट हवी: पत्रा उलटा धरला तर पडत नाही. वरून कड मारायची पुट्टी श्रीखंडासारखी, पत्र्यावरून हळूच सरकणारी. तांदळाच्या दाण्याएवढी गाठसुद्धा राहिली तर पत्र्याखाली अडकून भिंतीवर हातभर रेघ ओढते.

भरणं, आणि कड मारणं

पहिला घास लहान पत्र्याने. पत्रा भिंतीशी साधारण ४५ अंशांत धरा आणि पुट्टी भोकावरून नुसती ओढू नका, आत ढकला. एकदा आडवं, एकदा उभं. नुसतं ओढलं तर तोंड झाकलं जातं आणि आत हवा कोंडून राहते. वाळताना ती जागा बसते आणि मध्ये खळी पडते.

खिळ्याचं भोक एका घासात भरतं. गिट्टीचं आठ-दहा मिलीमीटरचं भोक कधीच एका दमात भरू नका. दोन किंवा तीन थर, प्रत्येक थर वाळू द्यायचा. वॉल पुट्टी हे मुळात पातळ थराचं काम आहे, दीड मिलीमीटरच्या आसपासचं. जाड भरली की ती आटलेल्या तळ्यातल्या गाळासारखी चिरते. शेवटचा थर भिंतीच्या पातळीपेक्षा केसभर वर ठेवा, कारण वाळताना तोही थोडा बसणार. दोन थरांत किती वेळ? कोरड्या हवेत चार-सहा तास, पावसाळी हवेत दुप्पट. नखाने दाबा, खूण उठली तर थांबा.

आता ती कड. भोक भरून वाळलं, वरची केसभर उंची २२० च्या पेपरने हलकी घासली. सहा इंची पत्रा घ्या, त्यावर श्रीखंडासारखी पुट्टी. भोकाच्या एका बाजूला, भोकापासून चार बोटं दूर, पत्रा टेकवा आणि भोकावरून पलीकडे चार बोटांपर्यंत ओढा. ओढताना पत्र्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर जोर द्या, आतला कोपरा हलका ठेवा. बाहेरच्या कोपऱ्याखाली पुट्टीचा थर शून्य होतो, भोकाच्या बाजूला किंचित राहतो. मग दुसऱ्या बाजूने तसंच, आता जोर दुसऱ्या कोपऱ्यावर. शेवटी रिकामा पत्रा जवळजवळ आडवा धरून, अगदी हलक्या हाताने, एकच सलग फटका. हाताला हा तोल यायला पाच-सहा भोकं लागतात, म्हणून पहिली भोकं कपाटामागची निवडा.

नखाएवढ्या भोकाला तळहाताएवढं ठिगळ झालं तर घाबरू नका, ते बरोबर आहे. उंची जितकी लांबवर पसरते तितकी ती डोळ्याला कमी सापडते. माझी अकरा ठिगळं रुपयाएवढी होती, म्हणूनच दिसली.

ओल्या पुट्टीवर मागे वळून पुन्हा पुन्हा पत्रा मारू नका. दोन-तीन मिनिटांत वरचा पापुद्रा धरायला लागतो आणि पत्रा त्याला फाटे पाडतो. राहिलेली रेघ घासताना जाईल किंवा दुसऱ्या थरात भरेल.

मोठे खड्डे आणि चिरा

नारळाएवढा गिलावा पडलाय, एसीच्या पाइपचं जुनं भोक आहे, स्विचबोर्ड काढल्यावर चौकोनी खड्डा राहिलाय: इथे पुट्टीचं काम नाही. सैल भाग सगळा काढा, खड्डा पाण्याने भिजवा, आरपार किंवा फार खोल असेल तर विटेचे भिजवलेले तुकडे मसाल्यात, म्हणजे सिमेंट-वाळूच्या मिश्रणात, बसवा. मग सिमेंट आणि चाळलेली बारीक वाळू, एकास चार. एका वेळी बोटाच्या एका पेरापेक्षा जाड थर नको, आणि शेवटचा थर भिंतीच्या पातळीपेक्षा दोन मिलीमीटर खाली थांबवा. ती जागा पुट्टीची. पृष्ठभाग गुळगुळीत करू नका, थोडा खरबरीत राहू द्या. सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारा, नंतर पूर्ण सुकू द्या. ठिगळाचा गडद करडा रंग जाऊन भिंतीसारखा फिका करडा आला की पुट्टीला घ्या. घाई असेल आणि भिंत पक्की कोरडी असेल तर पीओपी चालतं. ते दहा-वीस मिनिटांत जमतं, म्हणून मूठभरच कालवा, आणि जमताना गरम होतं, म्हणून हात त्यात बुडवून ठेवू नका. न्हाणीघराच्या किंवा ओलीच्या भिंतीला पीओपी कधीच नाही. पीओपी आणि सिमेंट एकत्र कालवण्याचा प्रकारही टाळा. ओलावा मिळाला की दोघांची एकमेकांशी क्रिया होऊन ठिगळ फुगतं.

केसाएवढ्या चिरा पुट्टीत भरत नाहीत, ती वरवर राहते. पत्र्याच्या टोकाने चीर जरा रुंद करा, इंग्रजी व्हीच्या आकाराची, धूळ काढा आणि क्रॅक फिलर दाबून भरा. जिथे काँक्रीटचा बीम किंवा कॉलम आणि विटांची भिंत भेटते तिथली सरळ चीर दरवर्षी परत येते, कारण काँक्रीट आणि वीट ऊन-थंडीत सारखी ताणत-आक्रसत नाहीत. तिच्यावर फायबरची जाळीची पट्टी बसवून वर दोन पातळ हात दिले तर ती बरीच वर्षं गप्प राहते. दाराच्या चौकटीच्या कडेची फट मात्र पुट्टीने भरू नका. दार आपटलं की ती चिरणारच. तिथे रंग घेणारं अॅक्रिलिक सीलंट लावा. सिलिकॉन नको, त्याच्यावर रंग ठरत नाही.

काही चिरा तुमच्या-माझ्या कामाच्या नाहीत. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, दोन-तीन मिलीमीटर रुंद आणि वाढत जाणारी चीर. छतात किंवा बीममध्ये लोखंडी सळीच्या रेषेत पडलेली, तपकिरी डाग असलेली चीर. छताचा पापुद्रा सुटून आतली सळी दिसणं. आत सळी गंजते, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि काँक्रीट बाहेर ढकलतो. वरून पुट्टी मारली तर काही दिवस झाकलं जाईल, आतलं काम चालूच राहील. चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा, सोसायटीच्या समितीला कळवा, स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी करायचं असतं. तुमच्या इमारतीचं शेवटचं कधी झालं ते विचारून घ्या. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

घासणं

पुट्टी लावल्यावर साधारण एका दिवसाने घासा. चार-पाच दिवस ठेवली तर ती दगड होते आणि हात दुखेपर्यंत घासावं लागतं. पेपर गुटक्याला गुंडाळा. नुसत्या बोटांनी घासलं की बोटांखालची मऊ जागा खोल जाते आणि वाटीसारखा खळगा पडतो. आधी २२०, गोल गोल हात फिरवत, सुरुवात कडेपासून; मध्यावर शेवटी आणि थोडंच. मग ३२०.

मास्क, डोळ्यांना चष्मा, दाराला ओली चादर. छताखाली काम असेल तर पंखा बंद ठेवा आणि स्टूल पक्कं आहे ना बघा.

आता डोळे मिटा आणि तळहात भिंतीवरून सावकाश फिरवा. डोळ्याला जे दिसत नाही ते तळव्याला कळतं. कुठे सुरू झालं, कुठे संपलं हे हाताला सांगता आलं, तर कड अजून आहे.

मग रात्र होऊ द्या. खोलीतले दिवे बंद करा, टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवी धरा, उजेड भिंतीवरून सरपटत जाईल अशी. प्रत्येक उंचवट्यामागे सावली पडते, प्रत्येक खळगा काळा दिसतो, पत्र्याची राहिलेली एकेक रेघ नांगराच्या तासासारखी उठते. सावली दिसेल तिथे पेन्सिलने हलका गोल करा. सकाळी त्या गोलांत अॅक्रिलिक पुट्टीचा कागदाएवढा हात, दोन-तीन तासांनी ३२० ने घासणं. बहुतेक भिंतींना हा फेरा दोनदा करावा लागतो. पहिल्यांदा करणाऱ्याला तीनदा. हे करताना कंटाळा येतो, मलाही येतो, पण रंग लागल्यावर हीच सावली कोपऱ्यातल्या दिव्याने रोज रात्री दिसणार असते.

प्राइमर, तोही रोलरने

धूळ आधी कोरड्या ब्रशने, मग किंचित दमट फडक्याने पुसा आणि वाळू द्या. पुट्टी रंग पिऊन टाकते. प्राइमर, म्हणजे रंगाआधीचा पहिला हात, न देता थेट रंग दिला तर ठिगळ मंद आणि बाकी भिंत किंचित चमकदार दिसते. उंची एकदम बरोबर असली तरी डाग राहतो.

एक बारीक गोष्ट फार कमी लोक सांगतात. तुमची जुनी भिंत रोलरने रंगवलेली असेल तर तिच्यावर संत्र्याच्या सालीसारखी बारीक नक्षी असते. तुमचं ठिगळ मात्र आरशासारखं गुळगुळीत. ब्रशने प्राइमर आणि रंग दिला तर ते ठिगळ गुळगुळीतच राहतं आणि वेगळं दिसतं. म्हणून ठिगळांवर प्राइमर लहान रोलरने द्या, ठिगळाच्या बाहेर वीतभर नेऊन. प्राइमर वाळला की पुन्हा एकदा टॉर्च लावा. पांढऱ्या एकसारख्या थरावर उरलेले दोष अगदी स्पष्ट दिसतात. जिथे पुन्हा पुट्टी लावाल तिथे पुन्हा प्राइमर.

रंग देताना फक्त ठिगळांवर रंग लावून भागवू नका. जुन्या डब्यातला तोच रंग असला तरी भिंतीवरचा उन्हा-धुळीने बदललेला असतो. निदान ती एक भिंत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण रंगवा.

उरलेली पुट्टी सिंकमध्ये किंवा बेसिनमध्ये ओतू नका, पाइपच्या वळणात जाऊन ती दगड होते आणि प्लंबर बोलवावा लागतो. पत्रे आणि भांडं बादलीत धुवा, गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी ओता, गाळ कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. सिमेंटने हाताची कातडी फाटते. हातमोजे घाला, नाहीतर धुतल्यावर लगेच खोबरेल लावा. कोरड्या पुट्टीच्या पुड्याला रबर लावून हवाबंद डब्यात ठेवा आणि डब्यावर तारीख लिहा. एका लहान काचेच्या बरणीत काठोकाठ उरलेला रंग भरा, झाकणावर शेडचा नंबर, खोलीचं नाव आणि महिना लिहून ती बरणी कपाटात सावलीला ठेवा. पुढचं भोक पडेल तेव्हा दुकानात ती बरणीच दाखवायची.